किसनरावांच्या जीपचं नाक

कात्रप, बदलापूर पूर्व
१६ मार्च २०२५

आदरणीय चांगुणाताईंना धाकट्या भावजयीचा, सुनेत्राचा, सप्रेम जयभीम.

परवा फोनवर मी विचारलं, "ताई, जीप परत न्याल का?" आणि तुम्ही म्हणालात, "हो, झालं जेवण, मेथी केली होती." म्हणून पत्र लिहायला बसले. कानाचं यंत्र कपाटात ठेवून कान बरे होत नसतात, हे मी सांगू नये, पण सांगते.

पत्र आमची लेक प्रीतीच आणून देईल. तिला तुमच्या उल्हासनगरच्या बाजारातून कसलासा पाईप आणायचाय. तिच्याविरुद्धची तक्रार तिच्याच हाती पाठवतेय, म्हणून पाकिटाला चारी कडांनी खळ लावली आहे. चिकटवलेलं उघडलेलं दिसलं तर मला कळवा.

तर विषय किसनभाऊजींच्या जीपचा. तुम्ही प्रेमाने भाचीला दिलीत, ठीक. पण गेल्या बुद्धपौर्णिमेला काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. मी सांगते. मिरवणुकीत सगळ्यात पुढे आपली जीप, वर तथागतांची मूर्ती, प्रीती चालवायला. विहारापासून शाळेच्या वळणापर्यंत छान गेली. मग धापा टाकायला लागली आणि भर रस्त्यात मेली. आठ पुरुषांनी ढकलत नेली. गॅलऱ्यांतून लोक मोबाईल धरून होते. हरिचंद्रभाऊ, आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, ते अजून भेटले की विचारतात, "काय सुनेत्राबाई, यंदा धक्का मारायला माणसं आधीच सांगून ठेवू का?"

या वर्षी टेम्पो करायचा असं कमिटीत ठरत होतं. तर आपली लेक भर सभेत उभी राहिली. म्हणाली, "एकदा संधी द्या. यंदा बंद पडली तर मी जीप विकून टाकीन, परत नाव काढणार नाही." शिरगावचा एक जण लग्नात नवरदेव फिरवायला उघड्या गाड्या भाड्याने देतो, तो टपलेलाच आहे. सभेतच म्हणाला, "मग मी पौर्णिमेलाच येतो बघायला."

ताई, मला मूर्तीसमोर दुसऱ्यांदा लाज नको. आणि हरल्यावर पोरीचं तोंड बघवणार नाही. त्याआधीच तुम्ही "माझी जीप मला परत दे" म्हणा. तुमचं ती ऐकेल. इकडे तर ती रोज अंबरनाथहून वर्कशॉपमधली नोकरी करून येते आणि बॉनेटमध्ये डोकं घालते. जेवायला हाक मारली तर आतून आवाज येतो, "आई, पाचच मिनिटं."

हे मजेत आहेत. लेकीला बॅटरी धरून उजेड दाखवतात. म्हणजे घरात माझ्या बाजूचं कुणीच नाही.

तुमची
सुनेत्रा


उल्हासनगर, कॅम्प चार
२३ मार्च

चि. सुनेत्रा हीस चांगुणाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पाकीट नीट चिकटलेलं होतं. खळ जरा जास्तच लावतेस, फाडताना अर्धी ओळ गेली. पण मतलब कळला.

जीप परत घ्यायला माझ्याकडे जागा कुठे आहे? ती उभी असायची तिथे शेजारच्या सोनियाभाभीने खाटा टाकून पापड वाळत घातलेत. तिला उठवायची माझी हिंमत नाही. मागे मी नुसतं म्हटलं, "भाभी, थोडा साइड में," तर तिने मला दोन किलो पापड दिले आणि तिथेच बसली.

तू सांगितलंस तसं मी प्रीतीला समोर बसवून समजावलं. तासभर समजावलं. पोर शहाणी आहे, सगळं समजलं तिला. आता तू काळजी करू नकोस.

ह्यांच्या हातीसुद्धा ती जीप अशीच करायची. मलंगगडाच्या वाटेवर चढाला लागली की धाप. हे खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि मला म्हणायचे, "घाल वारा." मी पदराने वारा घालायची. नवी नवरी मी, हिरवा चुडा हातात, आणि इंजिनाला वारा घालतेय. सोनियाभाभीचा सासरा म्हणायचा, "किसन, ये जीप नहीं है, चूल्हा है. इस पे रोटी सेक."

माझ्या भावाला, विकीला सांग, बॅटरी डोळ्यांवर नको, हातावर धरायची.

तुझी
चांगुणाताई


कात्रप
१७ एप्रिल

आदरणीय चांगुणाताईंना सप्रेम जयभीम.

तुम्ही समजावलंत! काय समजावलंत ते काल मला कळलं.

जयंतीच्या गडबडीत माझं जीपकडे लक्ष नव्हतं. काल सकाळी वंदना आटोपून खाली गेले, तर बॉनेट उघडं होतं आणि प्रीती आंघोळीला वर आलेली. म्हटलं बघू तरी काय चाललंय. आत स्टीलच्या पत्र्याची एक भिंत उभी केलेली. चकचकीत. वाकून बघते तर भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, "चांगुणा हिस मामाकडून सप्रेम भेट."

ताई, लग्नातलं पिंप! तुमचं गव्हाचं पिंप! चाळीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीत ते तुम्ही कापायला दिलंत? मी एकदा त्यात तांदूळ भरले होते तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

मी तिला फैलावर घेतलं. तर ती माझा हात धरून मला जीपशी घेऊन गेली आणि इंजिन चालू करून म्हणाली, "आई, तू स्वयंपाक करताना गॅससमोर श्वास घे आणि मग खिडकीत जाऊन घे. फरक आहे ना? ही बिचारी जन्मभर गॅससमोर उभी होती. समोर रेडिएटर, बाजूला सायलेन्सरचा पाईप, दोघांची गरम हवा, आणि तीच नाकात. गरम हवा विरळ असते. पोटभर श्वास घेतला तरी अर्धपोटी. गाडी पळत असली की बाहेरचा वारा तरी लागतो. मिरवणुकीत पायी चालल्यासारखी चालते, मग काय होणार?"

म्हणून आता हवेच्या फिल्टरचा डबा तिने एका कोपऱ्यात सरकवलाय. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये तुमचं पिंप, म्हणजे गरमी तिकडे आणि डबा इकडे. डब्यातून जाडसर पाईप निघतो तो थेट पुढे, डाव्या दिव्याच्या शेजारी. तिथे मुठीएवढं तोंड ठेवलंय. बाहेरची हवा आत. हे त्याला "नाक" म्हणतात. आता सगळी सोसायटी नाक म्हणते. खालच्या अंजनाबाईंनी तर विचारलं, "नाकाला जाळी लावली का? उंदीर जाईल." लावली आहे.

मग मला बसवून जांभूळ गावापर्यंत नेऊन आणलं. बाजारातून आधी तिने हळूहळू चालवली, माणूस चालतो तशी, मुद्दाम, भर दुपारी. धाप नाही. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर जरा पळवली. विशेष काही नाही. वारा फार लागतो, केस विस्कटतात. बरी चालते एवढंच.

कानाचं यंत्र घाला. आणि गहू कशात ठेवलेत?

तुमची
सुनेत्रा


उल्हासनगर
२० एप्रिल

चि. सुनेत्रा हीस अनेक आशीर्वाद.

गहू प्लास्टिकच्या पिंपात आहेत. त्यावर कुणाचं नाव नाही, म्हणून कुणी काही बोलतही नाही.

हो, मीच दिलं. प्रीती म्हणाली जाड, न गंजणारा पत्रा हवा, बाजारातला पातळ मिळतोय. मी म्हटलं घरात आहे. ती घाबरली. "आत्या, नाव आहे त्यावर." मी म्हटलं, नावाचीच बाजू इंजिनाकडे कर, ह्यांना कळू दे कुणी मध्ये उभं राहिलं. पदराने वारा घालण्यापेक्षा हे बरं. आणि तुला मी खोटं लिहिलेलं नाही. समजावलंच तिला. ह्यांचे पाने कुठल्या पेटीत आहेत, कुठला नट उलटा फिरतो, सगळं समजावलं.

"विशेष काही नाही" म्हणून तू लिहिलंस. प्रीती मला म्हणाली की जांभूळहून वळताना तूच म्हणालीस, "अजून थोडं पुढे जाऊ."

पौर्णिमेला मला न्यायला येऊ म्हणते पोरगी. नको. हे गेल्यापासून मी त्या जीपमध्ये बसले नाही आणि बसणार नाही. मागे एकदा प्रीतीने दारात चालू केली, मला काहीच ऐकू आलं नाही. नुसती थरथरताना दिसली. ह्यांची जीप मी गल्लीच्या तोंडापासून ओळखायची गं. तेव्हा मला त्या बाबतीत आग्रह करायचा नाही. तू मात्र मिरवणुकीचं सगळं बारीकसारीक लिही. टाळाटाळ नको.

तुझी
चांगुणाताई


कात्रप
९ मे

आदरणीय चांगुणाताईंना सप्रेम जयभीम.

हे पत्र ह्यांच्या हाती पाठवतेय, प्रीतीच्या नाही. कारण यात गुपित आहे.

मी जीपला झालर शिवली आहे. पंचरंगी, सॅटिनची, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. ब्लाऊजपीसचे तुकडे साठवलेले होते, त्यातूनच झाली, विकत फक्त पिवळा घेतला. दोरा दुहेरी, खळ कडक. नुसती उभी धरली तरी उभी राहते. पूर्वी मूर्ती टेम्पोवर असायची तेव्हा त्याला आमच्या महिला मंडळाची झालर असायची, मग आपल्या जीपला का नसावी? आधी मी पोरीच्या वाटेत आडवी आले. तेव्हा आता माझ्याकडून काहीतरी असू दे म्हणून शिवली. ती निघायच्या आधी कपडे करायला वर येईल तेवढ्यात बांधून टाकीन. तिला बोलायचं नाही. तुम्हाला शब्द द्यावा लागेल.

एकच सांगते, ते नाक दिसायला अगदी वाईट आहे. काळा पाईप, त्यावर जाळी. मूर्तीच्या गाडीला शोभत नाही. पण मी तिथे चुण्या दाट घातल्या आहेत. अगदी झाकून जातंय.

पौर्णिमेपर्यंत विहारातच असेन. खीर आमच्याकडे आहे आणि माझा उपोसथाचा उपवास. फोन घरीच राहील.

तुमची
सुनेत्रा


उल्हासनगर
१० मे, घाईत

सुनेत्रा,

अगं बाई, नाक झाकू नकोस! ज्यासाठी मी पिंप कापलं तेच तू शिवून बंद करतेस? झालर लावू नको, लावलीस तर नाकाची जागा सोड!

विकी पत्र देऊन चहा पिऊन गेला आणि मी ते नंतर वाचलं. तुझा फोन लावला, सोनियाभाभीने कानाला लावून ऐकला, म्हणते वाजतोय, उचलत नाही. विकीचा बंद आहे. प्रीतीला सांगावं तर तू मागितलेला शब्द मोडतो. भाभीचा पापड पोचवणारा माणूस उद्या बदलापूरला येतोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देते. उद्या मिळेलच.

चांगुणाताई


कात्रप
१५ मे

आदरणीय चांगुणाताईंना सप्रेम जयभीम.

तुमची चिठ्ठी आज दुपारी मिळाली. पापडवाल्याने ती उडदाच्या पापडांत ठेवली आणि आमची गल्ली शेवटी घेतली. चिठ्ठीला हिंगाचा वास येतोय. वाचून मी जिन्यातच खाली बसले आणि हसले. तीन दिवस उशीर झालाय ताई. काय झालं ते ऐका.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मिरवणूक निघाली. आम्ही सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत पुढे, माझ्या हातात मेणबत्त्यांचं ताट. मागे जीप, वर मूर्ती. झालर मी ठरल्याप्रमाणे बांधली होती. प्रीती धावत खाली आली ती मागच्या बाजूने चढून थेट बसली, तिने पुढून पाहिलंच नाही. सगळे म्हणत होते, "वा, काय शोभतेय!" मी आपली फुललेली.

हरिचंद्रभाऊ जीपच्या बाजूनेच चालत होते. बाह्या सरसावून. बरोबर कमिटीतले चौघे. मला म्हणाले, "काही नाही, असावी आपली तयारी." आणि शिरगावचा तो माणूसही शाळेच्या वळणावर उसाच्या रसाचा ग्लास घेऊन उभा.

बरोबर तिथेच, ताई. गेल्या वर्षीच्याच जागी. आधी जीप खोकली. मग तीच धाप. मी वळून पाहिलं तर पोरीचा चेहरा उतरलेला. ती इंजिनाशी काहीतरी पुटपुटत होती. बायकांनी गाथा म्हणायचं थांबवलं. हरिचंद्रभाऊ हात चोळत मागे निघाले.

मी झालरीकडे बघतेय. सगळी झालर वाऱ्याने हलत होती. पण डाव्या दिव्याशी ती आत गेलेली. दात पडलेल्या माणसाचा गाल जातो ना, तशी. चुण्याच्या चुण्या जाळीला चिकटलेल्या. माझ्या हातच्या दाट चुण्या!

ताई, त्या क्षणी मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. मी जीपच्या नाकावर फडकं दाबून धरलं होतं. धावले, वाटेत आलेल्या हरिचंद्रभाऊंच्या हातात ताट दिलं. ओढते तर सुटेना. दोरा दुहेरी, आणि गाठी माझ्याच! मग खाली वाकून दातांनी तोडला. पांढऱ्या साडीत, सगळ्या वस्तीसमोर, जीपच्या तोंडाला तोंड लावून. ह्यांनी दुसरीकडून खेचलं. टर्रकन फाटली.

जीपने एक खोल श्वास घेतला. खोटं नाही सांगत, ऐकू आला मला, शूं करून. दोनदा खाकरली आणि मग एकसारखी चालायला लागली. जणू काही झालंच नव्हतं.

प्रीती वरून ओरडली, "आई! हे कधी बांधलंस?"

"तू कपडे करायला गेली होतीस तेव्हा."

"मला सांगायचंस ना!"

"गुपित होतं."

"आई, तू ना!" म्हणाली आणि हसायला लागली, आणि डोळे पुसायला लागली, आणि मी म्हटलं, "समोर बघून चालव."

मैदानापर्यंत एकदाही थांबली नाही. थांबले ते फक्त हरिचंद्रभाऊ. त्यांच्या हातातलं ताट परत घ्यायचं कुणाला सुचलंच नाही, म्हणून यंदा महिलांच्या रांगेत सगळ्यात पुढे तेच होते. खीर घेताना मला म्हणाले, "सुनेत्राबाई, मेणाने बोटं भाजली हो." मी म्हटलं, "धक्का मारण्यापेक्षा बरं ना भाऊ?" तेही हसले. पुढच्या वर्षी टेम्पोचं नाव काढणार नाही म्हणाले.

शिरगाववाला तिथेही आला. रसाचा ग्लास तसाच हातात. म्हणाला, "मधेच बंद पडत होती म्हणजे शर्त गेलीच की. बोला, कधी नेऊ?" प्रीतीने किल्लीला हात घातला. ती शब्दाला पक्की, तुमच्यावर गेलीय. मी म्हटलं, "बंद पडली नाही. मी तिचं नाक दाबलं होतं. आणि विकायची नाही. जीपवर माझ्या नणंदेचं नाव कोरलेलं आहे, या, दाखवते." बॉनेट उघडून दाखवलं. वाचून गेला बिचारा.

झालर फाटली त्याचं वाईट वाटतं, पण थोडंच. तुकडे जपून ठेवलेत.

तुमची
सुनेत्रा


उल्हासनगर
१८ मे

चि. सुनेत्रा हीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा सोनियाभाभीला हिंदीत, आणि एकदा ह्यांच्या फोटोसमोर. "दातांनी तोडला" तिथे भाभी म्हणाली, "ये हुई ना माँ!" आणि पापड भाजायला गेली.

प्रीती आज जीप घेऊनच पत्र द्यायला आली. दारात चालूच ठेवून आत आली. मी कपाट उघडलं आणि कानाचं यंत्र काढलं. त्यावर बोटभर धूळ होती. पुसून कानात घातलं. आधी नुसतीच खरखर, भाभीचा मिक्सर, कुणाचा तरी कुत्रा. मग ऐकू आलं.

ह्यांच्या वेळेसारखं नाही गं. ह्यांच्या वेळी ती कण्हायची. आता गुणगुणते. मी ओट्यावर उभी राहून कितीतरी वेळ ऐकलं. प्रीती म्हणाली, "आत्या, पेट्रोल जातंय." अगदी तुझी लेक आहे.

मी बसले. आमच्या कॅम्पमधून एक फेरी मारून आले. विशेष काही नाही. वारा फार लागतो.

ज्येष्ठ पौर्णिमेला मी तुमच्याकडे वंदनेला येतेय. न्यायला पाठव. पुढची सीट माझी, तू मागे बसायचंस. खीर वेलची घालून कर. आणि झालर नव्याने शिव, फाटकी पांघरून मी येणार नाही. पण नाकाच्या जागी गोल खिडकी ठेव आणि तिला ब्लाऊजच्या गळ्याला लावतो तशी पट्टी लाव, म्हणजे उसवणार नाही. माप आधी प्रीतीकडून घे. गुपित करू नकोस.

तुझी
चांगुणाताई

ता.क. आई, हे मी लिहितेय, आत्याला न विचारता, तिच्याच पेनने. सिग्नलला थांबलेय. तुम्हा दोघींची सगळी पत्रं मी वाचली आहेत. खळ वाफेवर सुटते, तूच शिकवलंस, पोस्टाची तिकिटं काढायला. पहिलंही वाचलं होतं, म्हणूनच आत्याने समजावायच्या आधी मीच पत्रा मागितला. फक्त झालरीचं तेवढं तू पप्पांच्या हाती पाठवलंस, आणि ते काही वाचत नाहीत. माप घेऊन ठेवलंय: तुझी चहाची बशी उलटी ठेव, तेवढी खिडकी. प्रीती.